अर्ध्यावर तुटणारं गाणं

काल आमच्या फिल्म क्लबात एक जुना अमेरिकन चित्रपट दाखवला. आधी अध्यक्षांनी अंगावरची शाल सावरत बंडखोरीवर भाषण केलं. चित्रपटात दोन लांबकेसे तरुण मोटारसायकलवरून मोकळ्या रस्त्याने जात राहतात आणि मागे गिटार वाजत राहते. शेवटी एक ट्रक आडवा येतो आणि गाणं ओळीच्या मध्येच तुटतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी बाहेर येऊन मुलाला फोन लावला. तो मोटारसायकलने लडाखला निघालाय, आणि त्याची कॉलर ट्यून म्हणजे नेमकं हेच गाणं. एरवी मला तो गोंगाट वाटतो. काल मात्र मी जीव मुठीत धरून ऐकत राहिलो. गाणं शेवटपर्यंत वाजलं. फोन कुणी उचलला नाही.

तेव्हा लक्षात आलं, की पडद्यावर गाणं तुटलं की पोरं मरतात, आणि फोनवर ते पूर्ण वाजलं की बाप.

पुन्हा फोन लावला. गिटार सुरू झाली आणि मध्येच तुटली.

“बोला बाबा. हेल्मेट घालूनच चहा पितोय.”

“काही नाही रे,” मी म्हणालो. “ते गाणं जरा लवकर तोडत जा.”