पाहुण्यांचा डॉक्टर

आमच्या घरातला कुत्रा आमचा नव्हता, चिरंजीवांचा होता. चिरंजीव नोकरीसाठी कॅनडाला गेले आणि "सेटल झालो की घेऊन जातो" असं सांगून त्याला जे. पी. नगरात आमच्याकडे ठेवून गेले. लांब कान, आखूड पाय, जात बीगल आणि भूक म्हशीची. मुलानं त्याला ठेवलेलं इंग्रजी नाव ह्यांच्या जिभेवर काही बसेना. शिवाय लळा लावून घ्यायचा नाही, असं ह्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलेलं. म्हणून हे त्याला "पाहुणे" म्हणत. "पाहुणे, फिरायला चला." "पाहुणे, सोफ्यावरून उतरा." पाहुणे उतरत नसत. मग हेच लाकडी खुर्चीत बसत आणि पाठ दुखते म्हणून मला सांगत.

तसे बंगळूरमध्ये आम्ही दोघंही स्वतःला पाहुणेच समजत आलो. हे सरकारी विमान कारखान्यात इंजिनिअर म्हणून इथं आले, इथूनच निवृत्त झाले, आणि एवढ्या काळात एक दिवस असा गेला नाही की पुण्याला परत जायचा विषय निघाला नाही. पुण्याचा फ्लॅट कुलूप लावून तयार आहे. निघायचंच आहे तर भाषा कशाला शिका, असा ह्यांचा हिशेब. त्यामुळे ह्यांचं कन्नड 'स्वल्प', 'सरी' आणि 'बेडा', म्हणजे थोडं, बरं आणि नको, यांच्यापुढे गेलं नाही. इथं पाट्यांवर, रिक्षांच्या पाठीवर, चहाच्या दुकानांवर जिथं तिथं 'नम्म' लिहिलेलं असतं. नम्म म्हणजे आमचं. ते दिसलं की हे म्हणायचे, "असेल बाबा तुमचं."

पाहुण्यांसाठी डॉक्टर शोधायची वेळ आली तेव्हा मुलानं कॅनडात बसून इंदिरानगरचं एक काचेचं क्लिनिक निवडलं. तिथं एसी होता, कॉफी होती आणि कुत्र्याच्या वाढदिवसाला घालायची कागदी टोपी होती. टोपी पाहुण्यांनी खाल्ली. ह्यांनी ते क्लिनिक बाद केलं, पण कारण टोपीचं नव्हतं. "याला मराठीच कळतं," हे म्हणाले. "डॉक्टर इंग्रजीत 'बस' म्हणणार, हा उभा राहणार, आणि उद्धट आपण ठरणार."

मग इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारणा झाली. गणपतीची वर्गणी मागितली की जो ग्रुप मौनात जातो, तो या प्रश्नावर खडबडून जागा झाला आणि मारतहळ्ळीला एक मूळचा साताऱ्याचा डॉक्टर सापडला. आपला माणूस! जे. पी. नगरहून मारतहळ्ळी म्हणजे सिल्क बोर्डाचा चौक, रिंग रोड आणि मध्ये एकदा थर्मासमधला चहा. साध्या लसीसाठी आम्ही सकाळी डबा घेऊन निघायचो आणि दिवेलागणीला परत यायचो. पाहुणे गाडीत ओकायचे. डॉक्टर खरंच चांगला होता. काका-काकू म्हणायचा, पाहुण्यांशी साताऱ्याच्या हेलात बोलायचा, ह्यांच्याशी कंदी पेढ्यांवर चर्चा करायचा. हे खूश होऊन परत येत. "बघितलंस? लगेच बसला की नाही?" मी म्हणायची, दमला होता म्हणून बसला.

दरवर्षी श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण असतो. त्याचा प्रसाद हे स्वतः करतात, सोवळ्यात. रवा, तूप, साखर सगळं सव्वाच्या मापानं, आणि ते माप कारखान्यात विमानाचा भाग तपासावा तसं डोळ्यांपुढे धरून बघतात. बेदाणे मात्र सढळ हातानं. त्यात माप नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो: कुणाला नाही म्हणायचं नाही, कुणी नाही म्हणायचं नाही, आणि एक कणही वाया घालवायचा नाही. त्या दिवशी जो आला त्यानं द्रोणातला थोडा शिरा "यालाही प्रसाद हवा" म्हणून खाली धरला. खाली सांडलेलं पाहुण्यांनी टिपलं. वर ह्यांनी एक भरलेला द्रोण त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेवला होता. पाहुण्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी ते ओकायला लागले. आधी मी लक्ष दिलं नाही, कारण ओकणं हा त्यांचा छंद होता. पण मग ते सोफ्यावरून आपणहून उतरले आणि दाराशी जाऊन पडले. हाक मारली तर शेपटी हलेना. ह्यांनी ते पाहिलं आणि ह्यांचा चेहरा उतरला. असा चेहरा मी ह्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता. मला भीती वाटली, दोघांसाठीही.

हे गाडीची किल्ली शोधत मारतहळ्ळीला फोन लावत होते. साताऱ्याच्या डॉक्टरनं दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाला, "काका, इकडं अजिबात येऊ नका. आत्ता सिल्क बोर्डाला दोन तास अडकाल. घराजवळ जो कुणी डॉक्टर असेल त्याच्याकडं न्या, लगेच."

घराजवळ कुणी नाही, असं हे म्हणत होते तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या अक्का प्रसादाचं भांडं परत द्यायला आल्या. ह्या अक्का मराठीच, पण त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अय्यो, बसलाय काय असे? बेगा चला की! मागच्या गल्लीत डॉक्टरीण हाय नव्हं?"

"मागच्या गल्लीत दूधकेंद्र आहे," हे म्हणाले.

"कसलं दूधकेंद्र? जनावरांचा दवाखाना हाय तो!"

आता सांगायला हरकत नाही. मागच्या गल्लीत बेकरीशेजारी एक पाटी आहे. पाटी सगळी कन्नडमध्ये आणि कोपऱ्यात गायीचं चित्र. आम्ही रोज पाहुण्यांना फिरवताना त्या पाटीखालून जायचो, आणि इथं दूध मिळत असून आपण लांबून का आणतो, असं मी ह्यांना बोलूनही दाखवलं होतं. पाहुणे त्या दाराशी रोज तंगडी वर करायचे. ही त्यांची आणि दवाखान्याची जुनी ओळख.

ह्यांनी त्यांना उचलून घेतलं. एरवी दुधाची पिशवी उचलायलाही ह्यांना पाठीचा पट्टा लागतो. आम्ही तिघं अक्षरशः धावत गेलो.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, बोलायला तुटक. आधी कन्नडमध्ये विचारलं, आमचे चेहरे पाहिले आणि इंग्रजीवर आल्या. "काय खाल्लं यानं?"

"विशेष काही नाही," हे म्हणाले.

"काहीतरी खाल्लं असणार."

"घरचंच. शुद्ध."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर विमानाच्या एकेका स्क्रूवर शंका घेतलेला माणूस तिथं उभा राहून प्रसादावर शंका घ्यायला तयार नव्हता. सत्यनारायणाचा प्रसाद खाऊन कुणाला काही होतं, हे वाक्य ह्यांच्या तोंडून फुटेना. पाहुणे टेबलावर पडून माझ्याकडे बघत होते. मला इतका संताप आला की मी मराठीतच ओरडले, "अहो, शिरा खाल्लाय! तुमचा! चार माणसांचा!"

अक्कांनी कन्नडमध्ये सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "शिऱ्यात मनुका-बेदाणे होते?"

"सढळ हातानं," मी म्हणाले.

बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाईंचे हात तोवर चालू झाले होते. इंजेक्शन, सलाईन, तपासणीसाठी रक्त. मग हात पुसत त्या म्हणाल्या, की सलाईन काही दिवस चालेल, त्याला इथंच ठेवावं लागेल. वाचेलही. पण मूत्रपिंडं गेली असतील तर पुढे काय करायचं, ते मालकानं ठरवायला हवं. "मालक कोण?"

मी सवयीनं म्हणाले, "मुलाचा आहे. तो कॅनडाला असतो."

"मग त्याला फोन करा."

फोन केला. तिकडे कामाची वेळ, त्यानं उचलला नाही. पुन्हा केला. बाई थांबल्या होत्या. हे टेबलाशी उभे होते, एक हात पाहुण्यांच्या कानावर. मुलाच्या फोनची रिंग तिसऱ्यांदा वाजत असताना ह्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, बंद केला आणि बाईंना म्हणाले, "नम्म नाई."

नाई म्हणजे कुत्रा. एवढं कन्नड ह्यांना कुठून आलं, मला माहीत नाही. मग ह्यांना रडू कोसळलं. उरलेलं अक्कांनी सांगितलं.

पाहुणे वाचले. सलाईन संपेपर्यंत हे रोज दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून असत. समोर पाटी, शेजारी अक्का. बसल्या बसल्या पाटीवरची अक्षरं लावायला शिकले. घरी आल्यावर पाहुणे थेट सोफ्यावर चढले आणि हे खाली त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. पाठीचं काही बोलले नाहीत.

मुलाला आम्ही सगळं सांगितलं. नंतरच्या एका रविवारी त्याचा फोन आला. आता घर मोठं घेतलंय, मागे अंगण आहे, डिसेंबरात येतोय, येताना कुत्र्याची कागदपत्रं करून घेतो, त्याला घेऊनच जातो.

पाहुणे ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होते.

"तू ये," हे म्हणाले. "त्याला विमानातून नेण्याबद्दल मात्र इथल्या डॉक्टरांना विचारावं लागेल."

"विचारा ना, बाबा. काय म्हणतील त्या?"

"नाही म्हणतील," हे म्हणाले. "मी बोलून ठेवलंय."