वाफ घ्या, बरं वाटेल

शकूअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जे. पी. नगरच्या घरी भाजी निवडत होते. तिचा धाकटा भाऊ वसंता रडत म्हणाला, "ऑपरेशननं खाल्लं गं अक्काला." मला रडू येण्याआधी संताप आला. महिना उलटला, तो अजून उतरलेला नाही...

शकूअक्का माझी मावसबहीण. आमच्या या कानडी शहरातल्या शिवाजीनगरात तिचं शिवणाचं दुकान. लग्नातल्या बँडवाल्यांचे झगमगीत कोट ती शिवायची. आईनं दिलेल्या किडनीवर जगत होती. शरीरानं ती किडनी नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्यायची. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते आणि एरवी काहीही न करणारी हवेतली बुरशी अशा माणसाच्या नाकात शिरून हाड पोखरू शकते. हे तिला ठाऊक नव्हतं. गल्लीतल्या डॉक्टरला ठाऊक असायला हवं होतं.

नाक चोंदलं, डोकं ठणकू लागलं, म्हणून आम्ही त्याच्याकडे गेलो. "मी किडनीच्या गोळ्या घेते डॉक्टर," ती म्हणाली. "हा गाल बधिर झालाय. चिमटा काढला तरी कळत नाही." त्यानं मानही वर केली नाही. "सायनस आहे अम्मा. स्वल्प वाफ घ्या, बरं वाटेल."

पुन्हा गेलो, पुन्हा वाफ. डोळा सुजला तेव्हा मी तिला रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी नाकात दुर्बीण घातली. आतला भाग काळा पडला होता. "आजच कापून काढावं लागेल. डोळाही जाईल कदाचित. थांबलो तर बुरशी मेंदूत पोचेल."

संमतीच्या कागदापाशी वसंता अडून बसला. "बाईमाणसाचा चेहरा आहे. दोन दिवस बघू, आणखी कुणाला विचारू." अक्का खाटेवर उठून बसली. "वसंता, चेहरा माझा आहे. पेन दे."

डोळा गेला. बुरशीवरचं औषध शिरेतून चढत राहिलं. ते किडनीला जड, शिवाय बुरशीशी लढता यावं म्हणून किडनीच्या गोळ्याही कमी केलेल्या. एक सांभाळावं तर दुसरं निसटायचं. तरी ती घरी आली, दुकानात बसली, कोटाच्या उरलेल्या लाल मखमलीची पट्टी शिवून डोळ्यावर बांधली. गिऱ्हाईक बिचकलं की म्हणायची, "माप घ्यायला एक डोळा पुरतो." काही महिन्यांनी बुरशी पुन्हा उसळली, ती थेट मेंदूत.

तेराव्याला सगळ्यांच्या तोंडी एकच, उगाच कापाकापी केली. मी ओरडूनच सांगितलं, त्या कापाकापीनं तिला हे महिने दिले. तिला मारलं ते वाफेत घालवलेल्या दिवसांनी! मग त्या डॉक्टरकडेही गेले. बाहेर रांग होती. "सायनसच होतं," तो म्हणाला. "कधी कधी बिघडतं."

वसंतानं दुकानात तिचा तरुणपणीचा फोटो लावला होता, लाजरा, दोन डोळ्यांचा. परवा मी स्टुलावर चढून तो उतरवला आणि तिथे पट्टी बांधलेली, हातात कात्री घेतलेली अक्का लावली.

"स्वल्प वाकडा लागलाय गं," वसंता खालून म्हणाला, आणि स्टूल धरायला पुढे आला.