येस म्हणजे येते

शहाद्याच्या स्टँडवर मुंबईची गाडी सुटायच्या बेतात होती आणि माझी आई गाडीच्या पत्र्यावर थापा मारत होती. झालं एवढंच होतं, की खिडकीतून तोंड काढून मी घाईघाईत "जास मी" म्हणाले होते. आमच्या अहिराणीत जास म्हणजे जाते. घरातून निघताना हा शब्द तोंडातून काढायचा नसतो. "जास नही म्हनानं, पोरी! येस म्हन!" आई ओरडत होती. लोक बघताहेत म्हणून आप्पा, माझे वडील, भलतीकडेच मान वळवून उभे होते. मला राग आला. एका सत्रासाठी का होईना, मी जर्मनीला निघाले होते, आणि हिला शब्दाचं पडलं होतं. शेवटी कंडक्टर म्हणाला, "म्हनी टाक ना बहीन, गाडी सोडानी शे." मी म्हटलं, "येस, माय." येते. तेव्हा कुठे तिने पत्र्यावरचा हात काढला.

आमच्या कळसाडी गावाहून लोणखेड्याच्या कॉलेजात जाणं एवढाच माझा प्रवास होता तोवर. आप्पांच्या कापसाच्या रानातली माती आणि उसाच्या रानातली माती वेगळी का वागते, हे मला शाळेपासून छळायचं. त्या मातीनेच मला इथवर आणून सोडलं. माझं सत्र संपणार होतं आखाजीच्या आत. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खान्देशात त्या दिवशी लेकी घरी येतात, झाडांना झोके लागतात आणि पोरींना कुणी काम सांगत नाही. आईचं सगळं वेळापत्रक त्या दिवसापाशी येऊन थांबलेलं.

इथे आले आणि पहिल्याच दिवशी गंमत कळली. जर्मन माणूस हो म्हणताना 'या' म्हणतो. दुकानात शिरले, हातवारे करून ब्रेड मागितला, बाई म्हणाली, "या, या!" मी आणखी पुढे सरकले. ती बिचारी काउंटरच्या आत मागे सरकली. मला जर्मन येईना, म्हणून सगळ्यांना इंग्रजीत येस म्हणत सुटले. म्हणजे बघा, अख्खं गाव मला या म्हणत होतं आणि मी येते, येते म्हणत होते. फोनवर हे सांगितलं तेव्हा आप्पा पोट धरून हसले. आई हसली नाही. "इतकं या कसाले म्हंतस?" एवढंच तिने विचारलं.

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना हे सांगायला नको, की परक्या गावात पाय एका जागी ठरत नाही. खोलीत बसलं की बाहेर जावंसं वाटतं, बाहेर गेलं की खोली आठवते. ट्राममध्ये जागा असूनही मी उभी राहायची. घरी होते तेव्हा कधी एकदा इथून निघते असं व्हायचं. इथे आल्यावर तेच व्हायला लागलं, फक्त कुठे निघायचं ते कळेना.

सत्र संपत आलं तेव्हा विद्यापीठात सांस्कृतिक देवाणघेवाणीचा दिवस होता. प्रत्येकाने आपल्या घरचा एक पदार्थ ठेवायचा आणि आपल्या भाषेतला एक शब्द पाटीवर लिहायचा. पदार्थाची चिंता नव्हती. आईने डबा भरून बिबडे दिले होते, गच्चीवर वाळवलेले ज्वारीचे पापड. शब्दाचंच अडलं. मी 'नमस्ते' लिहिलं, शेजारच्या नेपाळच्या मुलाच्या पाटीवरही नमस्तेच होतं. मला माझाच राग आला. आमच्या घरात कुणी कुणाला नमस्ते म्हणतं? मी ते पुसलं आणि लिहिलं, 'येस'. आधी लोक हसले, त्यांना वाटलं इंग्रजीच. मग मी सांगत गेले, की आमच्याकडे जाणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. एक म्हातारी बाई बिबडा हातात धरून बराच वेळ त्या पाटीपुढे थांबली.

हे सगळं आईला बघायचं होतं, म्हणून व्हिडिओ लावून फोन बिबड्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. आई अंगणातून बोलत होती. तिने मोबाइल वर करून कडुनिंबाची फांदी दाखवली. "देख, दोर नवा शे. आखाजीले येशी ना?"

नेमक्या त्याच वेळी माझ्या मातीच्या प्रयोगशाळेच्या बाई, हाना, टेबलापाशी आल्या. तोंडात बिबडा होता. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्याकडे दोन वर्षांची जागा मिळतेय. लगेच सुरू करावं लागेल. तू राहशील?"

"येस!" मी म्हणाले. "येस, येस!"

त्या आनंदाला मी अजूनही खोटं म्हणणार नाही. पण डब्याला टेकलेल्या फोनमधून आईचा आवाज आला, "आयकं का हो? पोरगी येस म्हनी ऱ्हायनी!" आप्पा कुठूनतरी धावत आले. दोघांची तोंडं त्या इवल्या पडद्यात मावेनात. हाना बाईंनी त्यांच्याकडे बघून हात हलवला आणि म्हणाल्या, "या, या!"

मी फोन बंद केला. कुणी पापडाची कृती विचारत होतं, मी काय सांगितलं देव जाणे. पाटी उचलली, परत ठेवली. शेवटी कोट न घालताच बाहेर आले आणि ट्रामच्या थांब्यावर उभी राहून फोन लावला. ट्राम आली, गेली.

"माय, ते येस तुले नही व्हतं."

"मंग कोनले?"

मी सांगितलं. जागा, दोन वर्षं, लगेच. फोनमध्ये तिच्या मागे कुणीतरी शेळी हाकत होतं. मला वाटलं आई रडेल, ओरडेल, पत्र्यावर मारल्या तशा थापा मारेल. तसं काही झालं नाही.

"दोन्हीसले येस म्हनशी ते येशी कोनकडे?" तिने विचारलं. मी थांब्यावरचं ट्रामचं वेळापत्रक वाचायला लागले. मग आपणच म्हणाली, "ऱ्हाय तठे. दोर काही सडी नही जात."

मी राहिले. आखाजी येऊन गेली. तो झोका शेजारच्या पोरींनी घेतला, आईने व्हिडिओ पाठवला, मी तो अर्धाच बघितला. इथे मी आता जर्मनमध्येही भांडते. दिवसभरात कितीदा येस म्हणते, कितीदा या ऐकते. त्यावर कुणी पुढे काही विचारत नाही. हो म्हटलं की विषय संपतो.

रविवारी आईशी बोलणं होतं. फोन ठेवताना अजूनही मी चुकत नाही.

"येस, माय."

आणि ती दर वेळी, नव्यानेच ऐकल्यासारखी विचारते, "कवय?"

कधी?