सुकटीच्या पिशवीची जास्वंद

रत्नागिरीत दूध पिशवीतून यायला लागलं, ती ऐंशीनंतरची वर्षं. रिकामी पिशवी आई टाकायची नाही. धुवायची, उलटी करून वाळवायची, कातरायची आणि चिमणीच्या आचेवर कडा वळवून फुलं करायची. दुधाची पांढरी, तेलाची पिवळी. पण गणपतीला जास्वंद तांबडीच हवी ना! आणि घरात तांबडी पिशवी एकच, हर्णै बंदराहून सुकट भरून आलेली. तिने ती राखेने, रिठ्याने, लिंबाने घासघास घासली, तिच्या जास्वंदी केल्या आणि तोरण माटवीला, देवावर रानफळं टांगतात त्या चौकटीला बांधलं. वाडीतल्या बायका माना वर करून बघत राहिल्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला 'झकास गो' म्हटलं.

थोरले काका पूजेला बसले. समया पेटल्या, माटवीला ऊब लागली आणि पिशवीचा वास सुटला. काकांनी उठून तोरण हुंगलं.

"सुकट! देवाच्या डोक्यावर सुकट टांगलीन ह्या बयेने!"

हिसडा मारून तोडलंच त्यांनी. आई आडवी आली तर छत्रीच्या दांड्याने पाठीवर, मानेवर, लागेल तिथे हाणली. दांडा मोडेपर्यंत. माझा बाप मुंबईहून चार दिवस आलेला, तो मूग गिळून उभा. आज आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

काकांनी तोरण चुलीत कोंबलं. आईने सरळ आगीत हात घातला. अर्धं तोरण बाहेर आलं, बाकीचं वितळून तिच्या तळव्याला चिकटलं. ती वळली आणि त्याच हाताने काकांच्या थोबाडीत दिली. भावजयीने थोरल्या दिराच्या! काका गुरासारखे हंबरले. तिने हात ओढला तेव्हा गालाची साल सोबत आली.

"गेला काय वास, भावजी?" आईने विचारलं.

मग उरलेलं तोरण तिने डाव्या हाताने आणि दातांनी पुन्हा माटवीला बांधलं. कुणाची हिंमत झाली नाही. आमच्यात पूजा थोरल्यानेच करायची, देव खोळंबलेला. काका गालाला खोबरेल थापून त्या जळक्या तोरणाखाली आरतीला उभे राहिले. आईला टाळी वाजवता येईना. तिने डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला आणि आरती सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटली.