रफूवाल्या आत्याची मोठी अक्षरं

आमची आत्या रफू करायची. शर्टाला विडीने भोक पडो की कोट उंदराने कुरतडो, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतला धागा काढून भोक असं बुजवायची, की मालकालाही बोटाने चाचपून शोधावं लागे. "दिसलं तर ते रफू कसलं?" म्हणायची. तोंडाने फटकळ, हाताने हळुवार.

आमची माणसं डोंगरापलीकडून वीटभट्ट्यांवर कामाला आली, अंगावर कायम राख, म्हणून शहराने आम्हाला 'राखुंडे' म्हणायला सुरुवात केली. भट्ट्या कधीच बंद पडल्या, नाव मात्र नातवंडांपर्यंत पोचलं. माझे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, वस्तीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. एका सामन्यात गोलामागून समोरच्या संघाचे शेकडो लोक "राखुंड्या, राखुंड्या" ओरडत राहिले, बाबांच्या हातून चेंडू सुटला, आणि त्यांनी मैदानाचं तोंड पाहणं सोडलं. त्याला तीस वर्षं झाली. घरात तो शब्द कुणी काढत नसे.

आणि एक दिवस बसकंडक्टर भोंगा, आमच्या संघाच्या पाठीराख्यांचा म्होरक्या, काळ्या कापडाचा तागा घेऊन दारात हजर.

"मावशी, यावर 'आम्ही राखुंडे' असं शिवून द्या. पुढच्या सामन्याला त्यांनी ओरडायच्या आधी आपणच फडकवायचं. मग काय ओरडतील, कपाळ?"

"जळलं मेलं तुझं डोकं!" आत्या कडाडली. तागा मात्र ठेवून घेतला.

संध्याकाळी ती बाबांसमोर बसली. "तू नको म्हणालास तर कापड परत जाईल बघ."

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "शिव," म्हणाले. "मी काही बघायला येणार नाही."

आठ दिवस आत्याने मान वर केली नाही. मग गच्चीच्या भिंतीवर कापड पसरून तिने आम्हाला बोलावलं. काळ्यावर गडद करडी अक्षरं, वीतभर उंच, टाका म्हणून सापडेना. चार पावलं मागे गेलो तर कापड कोरं! जन्मभर झाकायची सवय, हात दुसरं काय करणार? भोंगा पोट धरून हसला, मीही हसलो. आत्याचे डोळे मात्र भरून आले.

"ताई, हे काय फाटलंय? लपवतेस कशाला?" जिन्यात बाबा उभे होते. "गोलात उभं राहून वाचता आलं पाहिजे. मला ऐकू यायचं तेवढं मोठं कर."

आत्याने सगळं उसवलं. घरातल्या पांढऱ्या चादरी कापून माणसाएवढी अक्षरं केली आणि गोधडीच्या जाड दोऱ्याने, ढळढळीत दिसतील अशा टाक्यांनी शिवली. तिचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत. मला कुणी राखुंडा म्हटलं की मी आता मान खाली घालत नाही, आणि हे मला कुठल्या शाळेने शिकवलेलं नाही.

सामन्याच्या सकाळी रिकाम्या मैदानावर आम्ही ते कापड कठड्याला बांधलं. "बांधलंत खरं," आत्या म्हणाली, "पण तिकडच्या गोलातून दिसतंय का, हे बघणार कोण?"

कापड उचलू लागायला म्हणून आलेले बाबा कठड्याखालून वाकून मैदानात उतरले. हळूहळू चालत पार पलीकडे गेले, दोन खांबांच्या मधोमध उभे राहिले आणि चष्मा काढून पुन्हा घातला.

"दिसतंय का रे?" आत्या ओरडली.

बाबांनी छाती भरून श्वास घेतला आणि तिथूनच, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, वाचून दाखवलं.

"आम्ही राखुंडे!"