बंपर उजळणाऱ्या बाई

वडील गेल्यावर त्यांची मोटार भूगावच्या आमच्या अंगणात दोन वर्षं गंजत उभी होती. आईला पुन्हा तिच्यात बसायचं होतं, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी घरीच दुरुस्तीला लागलो. इंजिन चालू झालं, पण पुढचा बंपर उजळेना. मी पॉलिश पेपरनं तो खरवडत होतो, तेव्हा शेजारच्या बंगल्यात भांडी घासणाऱ्या बाई फाटकाशी थांबल्या.

“दादा, जोर लावू नका. वरची चमक लई पातळ हाय, ती बी जाईल.”

पदर खोचून त्या उकिडव्या बसल्या. आईकडून चिंच मागून घेतली, भिजवून गंजावर थापली आणि ओल्या फडक्यानं, जराही घाई न करता पुसत राहिल्या. असं तीन दिवस, कामावरून परतताना. बंपरमध्ये अंगण दिसू लागलं.

रविवारी मोटार बाहेर काढली, तर त्या रस्त्यातच भेटल्या. फाट्यापर्यंत सोडतो म्हटलं. आई पुढे बसली होती, म्हणून मी मागचं दार उघडलं.

“मागं न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्होरली बाजू मी घासलीया. मी म्होरंच बसनार.”

पुढची ती जागा आईनं आजवर कुणालाच दिली नव्हती. ती हसली, उतरली आणि मागे जाऊन बसली.