ओकुबो-सानचं बिनमातीचं रोप

ओजिमातल्या त्या जुन्या इमारतीला रंग द्यायचं ठरलं आणि चारी बाजूंनी परांच्या उभ्या राहिल्या. त्यांवर करडं जाळीचं कापड चढलं. गॅलरीत जायचं नाही, खिडक्या उघडायच्या नाहीत. सातव्या मजल्यावरच्या सरोजिनीबाईंना सकाळ आणि संध्याकाळ एकाच रंगाची दिसू लागली.

यजमान गेल्यावर मुलाने त्यांना साताऱ्याहून इथे आणलं होतं. तो आणि सून कामावर गेले की घर आणि त्या. एकट्या त्या कधी खाली उतरल्या नव्हत्या. खालचं दार आकडे दाबून उघडतं. नाही उघडलं तर विचारायचं कुणाला, आणि कुठल्या भाषेत?

शेजारच्या जपानी बाई, ओकुबो-सान, गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना आपलं रोप त्यांच्या हाती सोपवून गेल्या होत्या. कुंडी नाही, माती नाही. सालीच्या तुकड्याला तारेने बांधलेला रुपेरी पानांचा झुबका. बिचारं जगणार कशावर, म्हणून सरोजिनीबाई आंघोळ झाली की तुळशीसारखं त्यालाही तांब्याभर पाणी घालत.

एका सकाळी मधली पानं हातात आली. बुडखा काळा, मऊ पडला होता.

जुईने, म्हणजे सुनेने, फोनवर वाचून सांगितलं, "आई, याची मुळं नुसती धरून राहायला असतात. पाणी पिते ती पानांवरची ही पांढरी लव. पण भिजवलं की उलटं धरून निथळायचं, वाऱ्यावर सुकवायचं. नाहीतर कुजतं."

"वारा आणू कुठून? तुझ्या फ्रिजमधून?"

"पंखा लावा."

"पंखा घरातलीच हवा फिरवतो गं. मीही तीच खातेय."

जुई हसली नाही. "रविवारी आपण खाली नेऊ."

"रविवारपर्यंत राहील?"

सरोजिनीबाईंनी कुजलेला गाभा काढून टाकला. बाजूला एक बोटभर पिल्लू फुटलं होतं, ते मात्र घट्ट होतं. ओकुबो-सानना दाखवायला निदान एवढं तरी वाचायला हवं होतं.

"तू निघालीस की मी खाली येते," त्या म्हणाल्या. "ते आकडे माझ्याकडून दाबून घे."

जुई स्टेशनकडे गेली. सरोजिनीबाई कालव्याच्या कठड्याशी बाकावर बसल्या आणि त्यांनी तारेला धरून पिल्लू उलटं टांगलं. वारा बरा होता. पाठीमागे वळून पाहिलं, तर कापडाआड आपली खिडकी कुठली तेच ओळखू येईना. आकडे पाठ होते. तरी उठावंसं वाटत नव्हतं.

पिल्लावरचं पाणी केव्हाच सुकलं होतं.